व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतल्यानंतरचे पहिले वर्ष : बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील कुटुंबांसाठी धागा

मलप्रभाकाठ यांनी लिहिले :

नमस्कार. माझा धाकटा भाऊ व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन येत्या आठवड्यात घरी येत आहे. आमचे गाव खानापूर तालुक्यात आहे आणि तो बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला होता. काम करताना कमरेला मार बसला, तेव्हा त्याला ट्रामाडोलच्या गोळ्या सुरू झाल्या. दुखणे ओसरले, पण गोळ्या थांबल्या नाहीत. पुढे त्या सहज मिळेनाशा झाल्यावर कोडीन असलेले खोकल्याचे औषध आले आणि अखेरीस गर्द, म्हणजे हेरॉईनची भुकटी.

आता घरात दोन मते आहेत. वडील म्हणतात, सुटले आहे तर औषधेही बंद करा आणि तुळशीचे लग्न झाले की त्याचेही लग्न उरकून टाका. आई म्हणते, त्याला उंबऱ्याबाहेर एकट्याला पाऊल टाकू द्यायचे नाही. मला दोन्ही पटत नाही, परंतु तिसरे काय करायचे ते सांगणारे गावात कोणी नाही. केंद्रातून निघताना डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. त्या किती काळ घ्यायच्या, कामावर केव्हा पाठवायचे, मित्रांचे काय करायचे, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे. कोणाचेही नाव वा केंद्राचे नाव मात्र येथे नको.

पुनश्च यांनी लिहिले :

ताई, मी शहापूरचा, यंत्रमाग असलेल्या घरातला. गर्द ओढत होतो आणि त्यातून बाहेर पडून आता बरीच वर्षे झाली आहेत. तुम्ही विचारलेल्या सगळ्याच प्रश्नांवर लिहितो, पण सर्वांत आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती ठाऊक नसल्यामुळे माझ्याबरोबर उपचार घेणारा एक जण केंद्रातून घरी गेल्यावर थोड्याच दिवसांत दगावला.

शरीराला अफूच्या जातीच्या (अफूजन्य) पदार्थांची, म्हणजे गर्द, ट्रामाडोल, कोडीन यांची सवय असते तोवर ते मोठी मात्रा सहन करते. उपचारांच्या काही आठवड्यांत ही सहनशक्ती उतरते. मनाला मात्र जुनीच मात्रा आठवत असते. त्यामुळे सुटून आलेला माणूस एखाद्या वाईट संध्याकाळी पूर्वीइतकेच घेतो आणि त्या मात्रेने त्याचा श्वास थांबतो. व्यसन चालू असताना जेवढा धोका होता, त्याहून अधिक धोका केंद्रातून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असतो, हे तुमच्या वडिलांना आणि आईंना शांतपणे बसवून सांगा. भावालाही स्पष्ट शब्दांत सांगा. त्याला भीती घालण्यासाठी नव्हे, तर ही माहिती त्याच्या जिवाशी संबंधित आहे म्हणून.

आता टर्कीविषयी, म्हणजे पदार्थ बंद झाल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाविषयी. गर्द घेणाऱ्याला शेवटच्या झुरक्यानंतर साधारण आठ ते बारा तासांत ती सुरू होते. जांभया येतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, अंगावर काटा येतो, जुलाब होतात, पोटात कळा येतात, पाय एका जागी ठरत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला पोहोचतो आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. हा भाग सगळ्यांना माहीत असतो आणि केंद्रात तो औषधांनी बराच सुसह्यही करता येतो. त्यानंतरचे मात्र घरच्यांना कोणी सांगत नाही. रात्र रात्र झोप लागत नाही. आवडीचे जेवण समोर आले तरी चव लागत नाही. सणात, लग्नात, माणसांत बसवत नाही. हे कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने चालते आणि या काळात घरच्यांना वाटते की पोरगा आळशी झाला, तोंड पाडून बसतो, आपल्या कष्टांची त्याला किंमत नाही. मला विचाराल तर माणूस पुन्हा व्यसनाकडे वळतो तो टर्कीच्या वेदनेने क्वचित. तो वळतो या रिकाम्या, बेचव दिवसांत, जेव्हा त्याच्याशी बोलायला कोणी नसते आणि जे बोलतात ते फक्त चौकशी करतात.

म्हणून आईंनी त्याला कोंडून ठेवू नये. पहिल्या काही महिन्यांत त्याच्यासोबत कोणीतरी असावे हे खरे, पण ते पहारा देण्यासाठी नव्हे. सकाळी त्याच्याबरोबर शेतावर जा, बाजाराला जा, मळणी असेल तर मळणीला घ्या. दिवसाला बांधणी हवी : उठण्याची वेळ, आंघोळ, जेवण, थोडे अंगमेहनतीचे काम, संध्याकाळी एखाद्या माणसाची भेट. संध्याकाळ सर्वांत कठीण असते.

मित्रांविषयी मी कठोर आहे. ज्यांच्याबरोबर घेत होता, त्या सर्वांचे क्रमांक जाऊ द्यात. नवे सिमकार्ड घ्या. त्यातले काही जण मनाने चांगले असतील, पण ते स्वतः उपचारांत येईपर्यंत त्यांची भेट नको. बेळगावात कामाला जाताना ज्या कोपऱ्यावर माल मिळायचा, तो रस्ताच बदला, अर्धा तास जास्त गेला तरी चालेल. पगार काही काळ बहिणीच्या वा आईच्या खात्यात जमा व्हावा आणि ही व्यवस्था त्याच्या संमतीने, त्याच्याशी बोलून ठरावी. हातात रोख रक्कम आणि पगाराचा दिवस यांची सांगड फार घातक असते. गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात रात्र जागवणे यंदा नको. आरतीला घरच्यांबरोबर जावे आणि घरच्यांबरोबरच परतावे.

लग्नाबद्दल एकच विनंती आहे : त्या मुलीचा विचार करा. निदान वर्ष-दोन वर्षे थांबा आणि नंतरही तिला व तिच्या घरच्यांना सर्व सांगूनच पुढे जा.

डिस्पेन्सरी यांनी लिहिले :

मी मानसोपचार विभागात काम करणारा डॉक्टर आहे, धारवाड-बेळगाव या पट्ट्यातच. पुनश्च यांनी सहनशक्तीविषयी लिहिलेले प्रत्येक अक्षर बरोबर आहे. मी औषधांविषयी लिहितो, कारण ‘औषधेही बंद करा’ हे वाक्य वाचून मला काळजी वाटली.

तुम्ही जिभेखालच्या गोळ्या म्हणता आहात, त्या बहुधा ब्युप्रेनॉर्फिनच्या असाव्यात. अनेकदा त्यात नॅलोक्सोन हे अफूजन्य पदार्थांचा परिणाम उतरवणारे औषधही मिसळलेले असते. मेंदूत ज्या जागांवर गर्द, ट्रामाडोल वा कोडीन जाऊन बसते, त्याच जागांवर हे औषध बसते, पण अर्धवट परिणाम करते. टर्की येत नाही, तलफ मंदावते, मात्र पूर्वीसारखी धुंदी चढत नाही. एसटीत बाकावर रुमाल टाकून जागा धरावी तसे ते जागा धरून ठेवते; नंतर कोणी गर्द घेतले तरी त्याला बसायला जागा फारशी उरत नाही. हे औषध टर्की सुरू झाल्यावरच पहिल्यांदा द्यावे लागते, नाहीतर उलट तीव्र टर्की उसळते. म्हणून कोणाच्या घरून आणलेली गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. दारू वा झोपेच्या गोळ्यांबरोबर ते घेणे धोक्याचे आहे, हेही लक्षात ठेवावे.

किती काळ घ्यायचे याला ठरावीक उत्तर नाही. काहींना वर्षभर, काहींना अनेक वर्षे लागते. घाईने बंद केले की पुन्हा व्यसनाकडे वळण्याची शक्यता वाढते. अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे की मेथाडोन (असेच दुसरे औषध) वा ब्युप्रेनॉर्फिनच्या उपचारात असलेल्या रुग्णांचे मृत्यूचे प्रमाण, उपचार सोडलेल्यांच्या तुलनेत, निम्म्याहून कमी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ही दोन्ही औषधे आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. नाल्ट्रेक्सोन नावाचे एक वेगळे औषधही आहे. ते कोणताही अफूजन्य परिणाम होऊच देत नाही, पण ते सुरू करण्यापूर्वी शरीर सात ते दहा दिवस पूर्ण कोरडे असावे लागते आणि रोजची गोळी घेण्याची तयारी असावी लागते. कोणते योग्य, हे डॉक्टरांनी रुग्णाशी बोलून ठरवायचे असते.

वडिलांना आणखी एक सांगा. एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे २.२६ कोटी लोक अफूजन्य पदार्थ घेतात आणि त्यांतील सुमारे ७७ लाखांना उपचारांची वा मदतीची गरज आहे. हे त्यांच्या घराण्याला लागलेले लांछन नाही. हा उपचार करता येण्याजोगा आजार आहे आणि फाउंड्रीत कमरेला मार लागून सुरू झालेला आजार तर अगदी समजण्यासारखा आहे.

माळकरी यांनी लिहिले :

डॉक्टरसाहेब, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो. आम्ही चिकोडी तालुक्यातले वारकरी. आमच्या दिंडीत अनेकांनी गळ्यात माळ घालून दारू आणि गांजा सोडलेला मी स्वतः पाहिला आहे. एक गोळी सोडवण्यासाठी दुसरी गोळी वर्षानुवर्षे देणे म्हणजे एका व्यसनाच्या जागी दुसरे व्यसन नव्हे काय? मन घट्ट केले, संगत बदलली आणि नामस्मरणाला लागला, तर माणूस सुटतो असा माझा विश्वास आहे.

डिस्पेन्सरी यांनी लिहिले :

माळकरी, आपण संगतीविषयी म्हणता ते मला मान्य आहे आणि दिंडीची संगत ही फार मोठी गोष्ट आहे. पण व्यसन कशाला म्हणायचे याचा विचार करू. व्यसनात माणूस पदार्थासाठी खोटे बोलतो, चोरी करतो, काम सोडतो, प्रमाण वाढवत जातो. ब्युप्रेनॉर्फिनवर स्थिर असलेला माझा रुग्ण सकाळी ठरलेली गोळी घेतो, कामावर जातो, मुलांना शाळेत सोडतो आणि त्याची मात्रा वाढत नाही, पुढे हळूहळू उतरते. त्याचे शरीर औषधावर अवलंबून आहे हे खरे. त्याचे आयुष्य पदार्थाच्या ताब्यात आहे हे खरे नाही. दारू आणि अफूजन्य पदार्थ यांचे शास्त्रही वेगळे आहे. एकाचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. त्याने माळ जरूर घालावी, पण गोळी बंद करण्याची अट घालून नव्हे.

पुनश्च यांनी लिहिले :

माऊली, मीही एका आषाढीला चालत गेलो आहे आणि गोळी पिशवीत ठेवून गेलो होतो. चालण्याने मला झोप परत मिळाली. दोन्ही एकत्र होऊ शकते.

माळकरी यांनी लिहिले :

डॉक्टरांचे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. औषध सोडून माळ घाला असे यापुढे कोणाला सांगणार नाही. ताई, आपल्या भावाला आमच्या एकादशीच्या भजनाला पाठवावयाचे असल्यास येथे कळवावे, आम्ही त्याची चौकशी न करता त्याला सामावून घेऊ.

औषधविक्रेता निपाणी यांनी लिहिले :

दुकानदाराच्या बाजूने थोडे लिहितो. ट्रामाडोल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. त्याआधी २०१४ पासूनच ट्रामाडोल आणि कोडीनचा समावेश एच-१ या यादीत झालेला आहे. म्हणजे ही औषधे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव व दिलेले प्रमाण यांची स्वतंत्र वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. सगळे दुकानदार हा नियम पाळत नाहीत, हे मला दुःखाने लिहावे लागते. तुम्ही एवढे करा : गावातील आणि भाऊ ज्या वाटेने जातो त्या वाटेवरील औषधविक्रेत्यांना घरातील जबाबदार माणसाने भेटून विनंती करा. आम्हाला त्यात अपमान वाटत नाही. तसेच पुढे त्याला दात काढायचा असो वा शस्त्रक्रिया करायची असो, संबंधित डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन चालू असल्याचे आधी सांगा, कारण वेदनाशामकाची निवड त्यावरून बदलते. कमरेचे दुखणे अजून असेल तर त्यावर व्यायामोपचार आणि अफूजन्य नसलेली औषधे यांचा विचार हाडांच्या डॉक्टरांकडून करून घ्या. मूळ दुखणे तसेच राहिले तर तलफेला ते रोज निमित्त पुरवते. ट्रामाडोलने फिट येऊ शकते, त्यामुळे पूर्वी कधी फिट आली असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

संकेश्वरची सून यांनी लिहिले :

मी पत्नीच्या बाजूने लिहिते. माझे यजमान पेंटाझोसिन या अफूजन्य वेदनाशामकाची इंजेक्शने घेत होते. त्यांना पहिल्यांदा ज्या खासगी केंद्रात ठेवले, तेथे त्यांचे डोके भादरले गेले, रात्री पायाला साखळी बांधली जायची आणि महिनाभर आम्हाला भेटू दिले नाही. ते तेथून बाहेर आले ते संतापानेच, आणि घरी पोहोचायच्या आधी त्यांनी पुन्हा घेतले. तेव्हा कोणी आम्हाला सांगितले नाही की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाशी निगडित आजारही येतात, त्यानुसार रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे, सक्तीने मुंडण करता येत नाही आणि अशा केंद्राची नोंदणी असणे बंधनकारक आहे. केंद्र निवडताना नोंदणीचा कागद मागून पाहा, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारा आणि घरच्यांना भेटू देतात की नाही ते पाहा.

दुसरी गोष्ट समुपदेशनाची. यजमानांना कानडी समजते, बाजारात ते बोलतातही, पण स्वतःच्या वडिलांविषयी, लाजेविषयी आणि रात्रीच्या भीतीविषयी ते मराठीतच बोलू शकले. समुपदेशक मराठीत बोलणारा मिळेल का, हे आधीच विचारावे, त्यात संकोच करू नये. बेळगावात आणि धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत मराठी समजणारे कर्मचारी भेटतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठी आणि कानडी दोन्ही भाषांचा पर्याय आहे, आणि केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मदतवाहिनी १४४४६ आहे. मी १४४१६ वर रात्री उशिरा रडत फोन केला होता आणि पलीकडच्या बाईंनी मला पूर्ण बोलू दिले.

तिसरी गोष्ट तुमच्यासाठी आहे, ताई. सगळा आधार भावाला मिळेल आणि तुम्ही, आई, वडील कोरडे पडाल. घरच्यांनीही कोठेतरी बोलायला हवे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात (डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केले, गर्द पुण्यात पसरत होते त्याच काळात) रुग्णांच्या बायकांचे वेगळे गट भरतात. मी तेथे बसले तेव्हा पहिल्यांदा मला कळले की नवऱ्याचे खिसे तपासत राहणे म्हणजे त्याची काळजी घेणे नव्हे. सुई वापरली गेली असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि हिपॅटायटिस सीचे औषधही सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळते. आमच्या घरी दोन्ही तपासण्या झाल्या.

कोर्टरोड यांनी लिहिले :

पोलिसांच्या भीतीने अनेक जण सरकारी रुग्णालयात जात नाहीत, म्हणून थोडक्यात : १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ प्रमाणे, केवळ सेवनाचा वा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती जर स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. उपचारांचे सर्व कागद, चिठ्ठ्या आणि नोंदवह्या जपून ठेवा.

मलप्रभाकाठ यांनी लिहिले :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वडिलांना हा धागा वाचून दाखवला. औषध बंद करण्याचा विषय त्यांनी सोडला आहे, लग्नाचा अजून सोडलेला नाही. पण ‘मुलीकडच्यांना सांगावे लागेल’ एवढे ते म्हणाले. दोन प्रश्न राहिले. तो बेशुद्ध सापडला तर आम्ही काय करायचे? आणि त्याच्याकडून एकदा चूक घडली, तर ते सगळे वाया गेले असे समजायचे का?

डिस्पेन्सरी यांनी लिहिले :

पहिल्या प्रश्नाचे उत्तर घरातील प्रत्येकाला पाठ असू द्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, श्वास अतिशय मंद किंवा घरघर करणारा, ओठ व नखे निळसर, हाका मारून वा छातीचे हाड चोळूनही जाग नाही : ही अतिमात्रेची लक्षणे आहेत. ‘झोपला आहे, झोपू द्या’ असे म्हणून सोडू नका. ताबडतोब १०८ ला फोन करा आणि काय घेतले असण्याची शक्यता आहे ते न लपवता सांगा. श्वास चालू असेल तर त्याला एका कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. श्वास थांबत असेल आणि तुम्हाला येत असेल तर तोंडावाटे कृत्रिम श्वास द्या. थंड पाण्याने आंघोळ घालणे, मीठपाणी पाजणे, चालवत फिरवणे यांत वेळ जातो आणि इजा होते. रुग्णालयात नॅलोक्सोनचे इंजेक्शन देतात, त्याने श्वास काही मिनिटांत परततो. मात्र त्याचा परिणाम मूळ पदार्थाच्या आधीच ओसरू शकतो, म्हणून शुद्धीवर आल्याबरोबर त्याला घरी आणू नका, डॉक्टर सांगतील तोवर तेथेच ठेवा.

पुनश्च यांनी लिहिले :

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. आम्ही त्याला स्लिप म्हणतो. स्लिप झाली म्हणून आधीचे महिने पुसले जात नाहीत. त्या महिन्यांत शिकलेले सगळे त्याच्याजवळ असते. ती झाली तर तो पहिल्यांदा घरात कोणाला सांगू शकेल, हे आत्ताच ठरवा, आणि त्या माणसाने त्या क्षणी ओरडायचे नाही, मारायचे नाही, शपथा घालायच्या नाहीत. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. गोळी चालू होती की मध्येच सोडली होती, झोप कशी होती, कोण भेटले होते, हातात पैसे कोठून आले, हे दुसऱ्या दिवशी शांतपणे बोलायचे, कारण यांतूनच पुढची व्यवस्था बदलता येते.

नार्कोटिक्स ॲनॉनिमस या, व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या गटाच्या सभा ऑनलाइनही भरतात. तेथे फी नाही, आडनाव विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत. त्याला दूरचा प्रवास जमत नसेल तर फोनवरून सभेत बसता येईल. पहिल्या सभेला मी त्याच्याबरोबर बसेन. तो आल्यावर त्याची तयारी असेल तर मला येथे व्यक्तिगत निरोप पाठवा, मी वेळ आणि दुवा कळवतो.